इंदूबाईनं तोंड उघडलं

मी भावसिंग. दारव्ह्याच्या स्टँडवर ज्या काळ्यापिवळ्या जीपा सवाऱ्या भरत उभ्या राहतात, त्यातली एक माही. आता माहे टोंगळे, म्हनजे गुडघे, गेले, गाडी पोरगा चालवते. मी घरी बसतो अन् लोकाइवर चिडतो. बायको म्हन्ते, तुमाले दुसरा धंदा नाही. नाहीच! पन हे जे सांगून राह्यलो ना, ते चिडल्याबिगर सांगताच येत नाही. तं ऐका.

आमचं पिंपरखेड नाल्यानं दोन तुकड्यात कापलं हाय. इकडल्या काठावर गाव, शाळा, ग्रामपंचायत, डांबरी रस्ता अन् पंजाबरावचं घर. तिकडल्या काठावर बौद्धपुरा, अन् त्याच्याही पुढं आमचा तांडा. उन्हाळ्यात नाल्यात नुसती रेती, बकऱ्या बी ढुंकून पाहत नाहीत. पन पाऊस लागला का असा फुगते का गाडीबैल घेऊन जाते. मंग तिकडची पोट्टी तिकडं, शाळा इकडं. बिमार मानूस तिकडं, गाडी इकडं. माही जीप तं चार महिने गावाच्या बाजूनंच उभी राहे, अन् मी रात्री बायकोले हाका मारून सांगो का जेवाले नको थांबू, मी अडकलो.

इंदूबाई बौद्धपुऱ्यातली. नवरा श्रावण जिनिंगमधी हमाल होता, तो लवकर गेला. मांग दोन लेकरं, संघर्ष अन् शीला. बाई निंदनाले जाये, कापूस वेचाले जाये, हे तं साऱ्याच जातात. इंदूबाईचं वेगळं म्हनजे तिचा आवाज. विहारात वंदना तीच सुरू करे. अन् कोनाच्या घरी मयत झाली, का सारे हात जोडून गुपचूप उभे राहत, तवा कोनी तरी त्रिशरण उचला लागते ना? ते कोनी तरी म्हनजे इंदूबाई. तिनं 'बुद्धं सरणं गच्छामि' उचललं का मंग बाकीचे धरत. आमच्या तांड्यावर ऐकू ये. तिनं सुरू केल्याबिगर त्या पुऱ्यातून मयत हालत नसे. तसा रिवाजच पडून गेलता.

पोरगा संघर्ष महार रेजिमेंटमधी भरती झाला. सुट्टीत आला का माह्या जीपमधी पुढच्या सीटवर बसे अन् मले गाडी कशी चालवाची ते शिकवे. मी म्हनो, "अबे, तू बंदूक सांभाळ, गेअर मी पाहतो." लय हासे. कारगिलची लढाई झाली त्या पावसाळ्यात तो गेला. पेटीत घरी आला, झेंड्यात गुंडाळून.

त्या दिवशी नाला छातीभर चालून राह्यलता. साहेब लोक म्हने, इकडल्याच काठावर उरकून घ्या, तिकडं नेनं धोक्याचं हाय. इंदूबाई तिकडल्या काठावर उभी होती. तिथूनच वरडली, "माहा लेक आधी घरी येईन, मंग जाईन!" पेटीसंगं आलेले फौजी पोरं एकमेकाइकडं पाहले लागले. एकानंही वरच्याले विचारलं नाही. पेटी डोक्याच्या वर धरली अन् उतरले पान्यात. मी बी उतरलो, आमच्या तांड्यावरचे धरमसिंग-प्रेमसिंग बी उतरले. मधात एकाचा पाय सुटला अन् पेटी तिरपी झाली. तिकडून साऱ्या बायाइनं एकदम किंकाळी फोडली. ती किंकाळी माह्या कानातून आजून गेली नाही.

एक मंत्री आलते. ते इकडल्याच काठावर राह्यले. त्याइच्यावर एकानं छत्री धरलती. माईकवरून म्हने, "या नाल्यावर वीर जवान संघर्ष याच्या नावाचा पूल होईल, हा माझा शब्द आहे." टाळ्या वाजल्या. मयतीत टाळ्या! मी पहिल्यांदाच पाह्यल्या.

मंग लोक इंदूबाईले शिकवाले लागले. कोनी म्हने पेट्रोलपंप माग, कोनी म्हने जमीन माग, कोनी म्हने शीलाले नोकरी माग. बाई एकच म्हने. "मले पूल पायजे. माह्या लेकाले मेल्यावर पान्यातून जा लागलं. दुसऱ्याच्या लेकराले जितं तरी नीट जाऊ द्या." बस. याच्यापुढं ती काही बोलेच ना. पुऱ्यातल्या बाया, तांड्यावरच्या बाया, साऱ्या तिच्याच तोंडाकडं पाहत. पूल येईन तं इंदूबाईच्या पुण्याईनं येईन, असं सारे म्हनत.

आता पंजाबराव. पंजाबराव म्हनजे आमदाराचा उजवा हात. गोड बोलन्यात पटाईत, मानूस मेला तरी त्याले कळू देनार नाही असा. थंडीत नागपूरले अधिवेशन भरलं. नाल्याचं पानी उतरलं होतं, तं एक दिवस पंजाबराव पायी पुऱ्यात आला अन् म्हने, "इंदूबाई, चला. लढाईत गेलेल्या जवानाइच्या घरच्याइले सभागृहात बोलावलं हाय. अन् साहेबानं आपल्या पुलाचा प्रश्न बी टाकला हाय, तो नेमका त्याच दिवशी लागला. मंत्री उभे राहून उत्तर देतीन. तुमी वर बसून आपल्या कानानं ऐका."

बाईनं शीलाले शेजारी ठेवलं. पांढरं लुगडं घातलं. पास दोन होते, तं म्हने, "भावसिंगले संगं घ्या, त्या शहरात मले एक तोंड तं वळखीचं पायजे." असा मी बी गेलो. तिले मी पुढच्या सीटवर बसवलं. त्या सीटवर हात फिरवत बसली, दारव्हा येईपर्यंत.

नागपुरात विधानभवनाच्या पायऱ्यावर विरोधी पक्षाचे आमदार बसून राह्यलते, गळ्यात कापसाच्या बोंडाच्या माळा घालून. त्या सालापासून कापसाचं असं झालं होतं का वेचाई निघे ना. इंदूबाईनं पाह्यलं अन् मले हळूच म्हने, "काय गा भावसिंग, भाव मागाले कापूस गळ्यात घाला लागते? आमी तं जनमभर डोक्यावर वाह्यला, आमाले कोनी नाही विचारलं." मले हासू आलं. तेच त्या दिवशीचं शेवटचं.

वरच्या सज्जात आमाले बसवलं. पोलीसबाई म्हने, बोलाचं नाही, पायावर पाय टाकाचा नाही, खाली वाकाचं नाही. इंदूबाईनं पंजाबरावले विचारलं, "पूल कवा येते?" तो म्हने, "आधी श्रद्धांजली, मंग आपला प्रश्न," अन् खाली निंघून गेला, त्याच्या साहेबामांगं.

खाली प्रस्ताव वाचला. देशाच्या सीमेवर लढताना वीरमरण आलेल्या जवानांना हे सभागृह अभिवादन करते, असं काही होतं. संघर्षचं नाव आलं. इंदूबाईनं माहा हात धरला. मंग भाषनं. एका मांग एक. सारे जवानाइचेच वाली! एक जाडा आमदार उठला, तो म्हने, सीमा ओलांडा, त्या देशाचं नाव नकाशावरून पुसून टाका. टेबलं धडाधडा वाजली. मी त्याले वळखलं, आमच्याच जिल्ह्यातला. सीमा ओलांडाची गोष्ट करून राह्यलता लेकाचा, आमचा नाला ओलांडून कवा आला नव्हता.

मंग सारे उभे राह्यले. आमी बी उभे राह्यलो. सारं चूप. खाली माना, हात पुढं. एवढे मोठे लोक, अन् टाचनी पडली तं ऐकू ये असं.

इंदूबाईनं हात जोडले. तिनं वाट पाह्यली. डावीकडं पाह्यलं, उजवीकडं पाह्यलं. कोनीच सुरू करे ना. तिले काय ठावं हे चूप राहनं म्हनजेच सारं काम हाय? तिच्या जनमात अशा वेळेले सारे तिच्यासाठीच थांबलेले राहत. अन् इथं तं तिच्या लेकाचंच नाव घेतलं होतं. तिनं डोळे मिटले अन् उचललं.

"बुद्धं सरणं गच्छामि..."

काय आवाज लागला तिचा! त्या उंच छताले जाऊन खाली आला. साऱ्याइच्या माना वर. मले वाटलं आता खालचे बी धरतीन. कोनी नाही धरलं. पोलीसबाई आली, दुसरी आली, दोघीइनं दंडाले धरून उचलल्यावानी केलं. ती म्हनतच राह्यली. 'धम्मं सरणं' दरवाजात झालं. 'संघं' बाहेर, पॅसेजमधी.

आमाले बाहेर पायऱ्याच्या बाजूले बसवलं. थोड्या वेळानं आमदार बाहेर येऊन राह्यले, गप्पा हानत, मोबाईल तं तवा दोघाचौघाइकडंच होते, ते कानाले लावून. माळावाले बी माळा काढून चालले. मी म्हनलं, एवढ्यात कसं काय सुटलं? पंजाबराव आला. तोंड पाडून.

"तहकूब झालं," म्हने. "दिवसभरासाठी."

"काहून?" मी विचारलं.

त्यानं माह्याकडं नाही पाह्यलं. इंदूबाईकडं पाह्यलं. अन् लय दुःख झाल्यासारखा म्हने, "आता काय सांगू, बाई. सभागृहात असं कोनी तोंड उघडते का?"

"अन् पूल?" बाई म्हने.

"आता कायचा पूल. आजचं कामकाजच बुडालं. साहेबाइनं तरी काय करावं?"

इंदूबाई उठली. "मी माफी मागते. मले त्या मोठ्या खुर्चीवाल्या साहेबाकडं न्या. मी पाया पडते. मले माहीत नव्हतं, दादा." पंजाबराव म्हने, आता काही होत नाही, घरी चला. मी म्हनलं, उद्या विचारता येत नाही का? तं माह्यावरच खेकसला, "तू गाडी चालव!" मले तवाच खटकलं. पन आपन ड्रायव्हर मानूस, आपल्याले सभागृहातलं काय कळते, असं म्हनून गप राह्यलो.

घरी येईपर्यंत बाईनं पदराचा बोळा तोंडात धरून ठेवला होता. रडत नव्हती. फक्त तोंड बंद करून बसली होती.

पंजाबरावनं पानठेल्यावर सांगतलं. एकदा सांगतलं, बस झालं. 'साहेबानं प्रश्न लावला होता हो, पन त्या बाईनं तिथं गोंधळ घातला, सभागृह बंद पडलं.' दोन दिवसात बौद्धपुऱ्यात, तिसऱ्या दिवशी तांड्यावर. काल जिच्या पुण्याईनं पूल येनार होता, आज तिच्याच तोंडानं गेला. शेजारची मैनाबाई, जिनं शीलाले पोटच्या पोरीवानी सांभाळलं होतं, तिची सून पुढच्याच पावसाळ्यात बाळंतपनात अडली, बाजेवरून नाल्यापर्यंत आनली अन् तिथंच लेकरू गेलं. मैनाबाई भर विहारासमोर म्हने, "इंदे, तुह्या तोंडानं आमचा पूल खाल्ला. माहा नातू बी खाल्ला." त्या दिवसापासून तिनं इंदूबाईच्या घरचं पानी घेतलं नाही.   इंदूबाईलेही तसंच वाटे.

विहारात ती मांगं बसाले लागली. वंदना दुसरे म्हनत, बेसूर, ओढून-ताणून. ती ओठ सुद्धा हालवे ना. मयतीत सारे हात जोडून उभे राहत अन् घडीभर कोनीच सुरू करे ना, सवयीनं तिच्याकडं पाहत. ती खाली पाहे.

अन् त्याच पावसाळ्यात तिनं नाल्यावर दोर बांधला. कापसाच्या गाडीवर बांधतात ना, तो जाड नाडा. इकडं बाभळीले, तिकडं पळसाले. शाळेच्या वेळेले अन् शाळा सुटाच्या वेळेले ती कंबरभर पान्यात मधात उभी राहे, अन् एकेका पोट्ट्याले दोराले धरवून पार करे. कोनी सांगतलं नव्हतं. पानी लय असलं तं काठावर उभी राहून पोट्ट्याइले दगड दाखवून हाकले, "आज नाही, वापस जा!" माह्या दोन्ही पोरी त्याच दोराले धरून दहावी झाल्या. शीलाचं लग्न झालं, ती पुसदले गेली. ती म्हने, आई, आता पुरं कर, माह्याकडं चल. तं म्हने, "माह्या तोंडानं गेलेलं मलेच भरा लागते." किती पावसाळे ती पान्यात उभी राह्यली, तिच्या पायाले कायमच्या चिखल्या झाल्या. मधात एक पूल झाला आमच्या भागात, हो! पंजाबरावच्या जिनिंगकडं जानाऱ्या रस्त्यावर. तिथं नाला नाही, नाली हाय.

मंग एका वर्षी कापसाच्या भावासाठी गावातले लोक नागपूरले जाऊ म्हने, तं मी जीप नेली. गेटपाशी पोहोचलो तं बाहेर सारे आमदार गाड्यात बसून चालले. मी चहावाल्याले विचारलं, "काय गा, आज लवकर सुट्टी?"

"शोकप्रस्ताव होता," तो म्हने. "कोनी जुने सदस्य वारले. दोन मिनिटं उभं राहनं अन् दिवसभर बंद. सन्मान म्हनून. रिवाज हाय बावा."

मी कप खाली ठेवला. मी म्हनलं, "कारगिलच्या वर्षी बी?"

"दरच वेळेले. तवा बी लढाईतल्या पोराइसाठी प्रस्ताव झाला अन् झाली सुट्टी. मी इथंच होतो."

"कोनी वरून मधात बोललं, गोंधळ केला, म्हनून नाही बंद होत?"

तो असा हासला का त्याची किटली हालली. "अहो, बोलल्यानं, गोंधळानं बंद पडलं असतं तं हे सभागृह एक दिवस तरी चाललं असतं का?"

मी कशी गाडी आनली मलेच ठावं. सवाऱ्या म्हनत, भावसिंग, हळू. म्हनजे पंजाबरावले त्याच दिवशी माहीत होतं! त्याच्या साहेबाले बी माहीत होतं, का आज मान देऊन दुकान बंद होनार, प्रश्न-ब्रश्न काही येत नाही. बोलावलं कायले तं फोटोले. अन् दुसऱ्या दिवशी विचाराची कोनाची इच्छा नव्हती. एक अनाडी बाई आयती सापडली, तिच्या डोक्यावर ठेवून देलं. थू तुमच्या जिनगानीवर!

मी तसाच नाल्यावर गेलो. इंदूबाई दोर उन्हात पसरून त्याचे सुटलेले पेड वळत बसली होती. मी सारं सांगतलं. मले वाटलं, बाईच्या छातीवरचा धोंडा उतरून टाकतो मी आज.

तिनं हातातला पेड पुरा वळला, मंग विचारलं.

"म्हनजे मी बोलली म्हनून नाही?"

"नाही ना बाई! तुमी काही बी केलं नाही. मान देला म्हनून बंद झालं. दर खेपेले करतात."

"कोनाले मान देला?"

नाव ओठावर आलं तवा मले कळलं, मी काय करून बसलो. ती माह्याकडं पाहत होती. मंग तिनंच सांगतलं. "संघर्षले."

"बाई..."

"माह्या संघर्षच्या नावानं पूल अडला, असंच ना?" दोर तिच्या हातातून गळला. "इतकी वर्सं मी मले शिव्या देल्या, भावसिंग. मैनीचा नातू गेला, मी म्हनलं माह्या तोंडानं गेला. मले ते चाले. पोराचं नाव तं सोन्यावानी राह्यलं होतं. हे कायले सांगतलं रे तू मले?"

मी तिले समजावलं का असं नाही, असं नसते.  पन नीट शब्द आठवले ते घरी गेल्यावर. जाताना तिनं माह्यापासून वचन घेतलं, का हे कोनाले सांगाचं नाही. "माह्याच तोंडानं गेला, असंच राहू दे," म्हने. मी म्हनलं, बरं.

परवाच्या श्रावणात इंदूबाई गेली. ताप आला, दोन दिवस तशीच पान्यात उभी राह्यली, मंग उठली नाही. शीला पुसदवरून आली तवा आजून जीव होता. आठ दिवसानं पंधरा ऑगस्टची ग्रामसभा होती. पंजाबराव आता सरपंच. मी बौद्धपुऱ्यातले अन् तांड्यावरचे सारे लोक गोळा करून नेले. म्हनलं, आज पुलाचा ठराव घेतल्याबिगर उठाचं नाही. शीला बी आली, मैनाबाई बी आली. शाळेत झेंडावंदन झालं, पोट्टी आत कवायत करून राह्यलती, अन् आमी पंचायतीच्या पटांगनात बसलो.

पंजाबराव उठला. पांढरे शुभ्र कपडे, खिशाले झेंडा. "सभेला सुरुवात करण्यापूर्वी," म्हने, "आपल्या गावची वीरमाता इंदूबाई यांना आपण श्रद्धांजली वाहू. दोन मिनिटं उभं राहू या."

सारे उभे राह्यले. हात जोडले. अन् पुऱ्यातले लोक सवयीनं थांबले, का कोनी तरी उचलन. ते कोनी तरी आता नव्हतं.

दोन मिनिटं झाली. पंजाबराव म्हने, "धन्यवाद. त्यांच्या सन्मानार्थ आजची ग्रामसभा तहकूब करतो."

झालं! फाईल काखेत मारली अन् चालला.

माही तिडीक मस्तकात गेली. "थांब बे पंजाबराव!" मी वरडलो. "वचन देलं होतं मी त्या बाईले, गेलं चुलीत! ऐका रे सारे. तिच्या तोंडानं पूल गेला नाही. ते सभागृह मान देऊनच बंद होते, दर खेपेले होते, याले माहीत होतं! बाईनं संघर्षच्या नावाले बट्टा लागू नये म्हनून सारं आपल्या अंगावर घेतलं. नाव संघर्षचं होतं, पन त्या नावामांगं लपले हे! आज तिच्या नावामांगं लपून राह्यले!"

पंजाबराव वळला. जराही आवाज न चढवता म्हने, "भावसिंग, सभा तहकूब झाली हाय. आता बोललेलं कागदावर येत नसते." अन् गाडीत बसून गेला.

 शीला पंचायतीच्या झेंड्याच्या खांबाले धरून उभी होती, ती माह्याकडं पाहत राह्यली. मैनाबाई मटकन खाली बसली. "मी तिच्या घरचं पानी घेतलं नाही," म्हने. "ती मरून राह्यलती तवा बी, शीलानं गिलास पुढं केला, मी घेतला नाही." पुन्यांदा तेच म्हने. पुन्यांदा तेच.

शाळेची घंटी वाजली. पोट्टी हातात कागदाचे झेंडे घेऊन नाल्याकडं पळाली. वर पाऊस झालता, नाल्याले गढूळ पानी चढून राह्यलतं. मैनाबाई उठली, लुगडं खोचलं, अन् दोराकडं गेली.